नवल वाटले, पुढे काय?

कोकणातल्या एका समुद्रकाठच्या शाळेत आम्ही गेलो होतो. व्हरांड्यात मुलांनी तयार केलेले भित्तिपत्रक लावले होते. विषय होता 'फ्लोरिडाच्या जंगलातील नवलाई'. चित्रे मुलांची, अक्षर मुलांचे; मजकूर मात्र कुठल्याशा संग्रहातून उतरवलेला. एकेका वाक्याची दहा-बारा नवले. त्यांतले एक असे : 'फ्लोरिडातील सुरूच्या झाडांना गुडघे असतात व ती गुडघ्यांनी श्वास घेतात.'

आम्ही ते वाचत असताना आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या घरामागे सुरूचे बन आहे. मी सगळी झाडे बघून आले. एकालाही गुडघे नाहीत." तिच्या शिक्षकांनी उत्तर दिले, "अगं, ते अमेरिकेतले सुरू. तिकडचे वेगळे असते." मुलगी गप्प झाली.

हा प्रसंग आमच्या मनातून जात नाही. त्या मुलीने एक विधान वाचले, ते पडताळून पाहण्याजोगे आहे हे ओळखले, स्वतः जाऊन निरीक्षण केले आणि विधान व निरीक्षण जुळत नाही असे सांगितले. विज्ञानाच्या शिक्षणातून याहून अधिक काय हवे असते? पण चुकीची ठरली ती. कागदावरचे वाक्य मात्र बरोबर ठरले. यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्याही हाती ते एक वाक्यच होते. दोष वाक्याचा आहे. म्हणून या लेखात आम्ही अशा 'नवलाच्या' वाक्यांचीच परीक्षा घेणार आहोत. आम्ही स्वतः या दोषापासून मुक्त आहोत असे नाही. अंकातले उरलेले पान भरण्यासाठी 'तुम्हांला माहीत आहे का?' अशा चौकटी आम्हीही छापल्या आहेत.

फ्लोरिडाच का?

नवलाच्या संग्रहांना फ्लोरिडा फार प्रिय आहे, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेच्या आग्नेय टोकाचे हे द्वीपकल्प उपोष्ण कटिबंधात येते. नकाशा काढून पाहिला तर मायामी आणि आपले पाटणा जवळजवळ एकाच अक्षांशावर, २६ अंश उत्तरेच्या किंचित खाली दिसतील. आपले थरचे वाळवंटही याच पट्ट्यात आहे. या अक्षांशांवर वरून खाली येणाऱ्या कोरड्या हवेमुळे जगात अनेक ठिकाणी वाळवंटे झाली आहेत. फ्लोरिडाला मात्र तिन्ही बाजूंनी समुद्र आहे. तेथे वर्षाला साधारण १३०० ते १५०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातला बहुतेक मे अखेरपासून ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे पावसाळा आणि कोरडा ऋतू ही विभागणी आपल्याला ओळखीचीच आहे.

उत्तरेकडून आलेले थंड प्रदेशातले जीव आणि दक्षिणेकडून, कॅरिबियन बेटांवरून आलेले उष्ण प्रदेशातले जीव येथे एकत्र येतात. दोन प्रदेशांच्या सीमेवर नवले अधिक सापडावीत हे साहजिक आहे. पण संग्रहातल्या चौकटीत नवल येते आणि सीमा येत नाही. म्हणजे परिणाम सांगितला जातो, कारण राहून जाते. ही पहिली तक्रार.

शब्दांनी केलेला घोटाळा

सुरूचे काय झाले ते पाहू. फ्लोरिडातील दलदलीत 'बाल्ड सायप्रस' नावाचा वृक्ष वाढतो. सायप्रसला आपल्याकडे सरू म्हणतात. सरूचा सुरू झाला आणि घोटाळा पुरा झाला. कारण कोकणच्या किनाऱ्यावर आपण ज्याला सुरू म्हणतो तो वृक्ष म्हणजे कॅशुरिना. बाल्ड सायप्रस हा सूचिपर्णी, म्हणजे देवदार-पाइनच्या गटातला. मात्र हिवाळ्यात पाने गाळणारा. आपला सुरू हा फुले येणारा, सपुष्प गटातला वृक्ष. त्याच्या ज्या हिरव्या 'सुया' दिसतात त्या पाने नव्हेतच, त्या बारीक फांद्या. एक 'सुई' सांध्यापाशी ओढून तोडावी व भिंगातून पाहावी. सांध्याभोवती खवल्यांसारखी जी इवलाली दाते दिसतात, ती खरी पाने. हा प्रयोग करायला पैसा लागत नाही.

गंमत पुढेच आहे. हाच आपला सुरू फ्लोरिडातही आहे, पण तो तेथला नव्हे. मूळचा ऑस्ट्रेलिया व आग्नेय आशियाकडचा हा वृक्ष एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे नेऊन लावला गेला. आज तो तेथे उपद्रवी परका वृक्ष म्हणून ओळखला जातो. त्याची दाट सावली व खाली पडणारा जाड थर यांमुळे स्थानिक झाडे उगवत नाहीत, आणि उथळ मुळांमुळे तो वादळात उन्मळून पडतो. समुद्री कासवांना व मगरींना अंडी घालण्यासाठी किनाऱ्यावर मोकळी वाळू लागते. सुरूची मुळे व पडलेली खोडे तेथे आडवी येतात. आपल्याकडे किनाऱ्यावर सुरूची बने हौसेने लावली जातात. म्हणजे त्या मुलीच्या घरामागच्या झाडात चौकटीतल्या नवलापेक्षा मोठा विषय उभा होता. चुकीच्या शब्दाने तो झाकून टाकला.

असे आणखी दोन घोटाळे त्याच भित्तिपत्रकावर होते. 'फ्लोरिडा पँथर' या प्राण्याचे तेथे 'काळा बिबट्या' झाले होते. हा प्राणी काळाही नाही आणि बिबट्याही नाही. तो प्यूमा, पिंगट तांबूस रंगाचा. काळ्या प्यूमाचा खात्रीलायक पुरावा आजवर मिळालेला नाही.

दुसरा घोटाळा 'स्पॅनिश मॉस'चा. झाडांच्या फांद्यांवरून करड्या जटा लोंबाव्यात तशी ही वनस्पती दिसते. भाषांतरात ती 'स्पॅनिश शेवाळे' झाली. ती स्पेनची नाही आणि शेवाळेही नाही. ती अननसाच्या कुळातली सपुष्प वनस्पती आहे. 'ही झाडाचे रक्त शोषते' अशी पुस्तीही जोडलेली होती, ती साफ चूक आहे. हिच्या पानांवर बारीक करडे खवले असतात. पावसाचे व धुक्याचे पाणी, त्यात विरघळलेल्या क्षारांसह, ती या खवल्यांतून घेते. झाड तिला केवळ टेकायला लागते. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. आपल्याकडे आंब्या-फणसावर वाढणारी आमरी ही अशीच. पण झाडावर काही वाढलेले दिसले की आपण त्याला सरसकट 'बांडगूळ' म्हणून मोकळे होतो. बांडगूळ खरोखरच झाडात मुळे खुपसून पाणी व क्षार घेते, आमरी घेत नाही. हा फरक शिकवण्याची याहून चांगली संधी कोणती?

अर्धे खरे

आता ज्या वाक्यांत खोटे काही नाही, पण पुरते खरेही नाही, त्यांच्याकडे वळू.

'ॲलिगेटरच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे तापमान ठरवते. उष्ण तर नर, थंड तर मादी.' वाक्याचा पहिला भाग खरा आहे. ॲलिगेटरमध्ये लिंग ठरवणारी गुणसूत्रे नसतात. मादी पालापाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी घालते आणि कुजणाऱ्या पाल्याची ऊब अंड्यांना मिळते. अंडी उबण्याच्या मधल्या काळात घरट्यात सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमान राहिले तर जवळजवळ सगळ्या माद्या निघतात, ३३ अंशांच्या सुमारास जवळजवळ सगळे नर. पण तापमान याहून बरेच चढले तर पुन्हा माद्या निघू लागतात. म्हणजे 'उष्ण तर नर' हा नियम एका टप्प्यापुरताच खरा.

मुलांच्या मनात मात्र तो सर्व सरपटणाऱ्या प्राण्यांचा नियम होऊन बसतो. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, त्यांच्यात उलट आहे : वाळू उबदार तर माद्या, थंड तर नर. दोन प्राणी, दोन्हींत तापमानच निर्णय करते आणि निर्णय उलटसुलट येतो. येथे खरे नवल सुरू होते. पृथ्वीचे तापमान वाढत असताना या कासवांचे काय होईल, हा प्रश्न यातून आपोआप निघतो. अर्धे वाक्य तो प्रश्न निघू देत नाही.

दुसरे उदाहरण गुडघ्यांचेच. बाल्ड सायप्रसच्या मुळांवरून पाण्याबाहेर येणारे शंकूसारखे उंचवटे खरे आहेत. त्यांना तिकडे 'गुडघे' म्हणतात हेही खरे. पण त्यांतून झाड श्वास घेते, हे विधान चौकटीत जितक्या ठामपणे येते तितके ठाम नाही. शंभराहून अधिक वर्षे शास्त्रज्ञ याबद्दल वाद घालत आहेत. गुडघ्यांतून मुळांना प्राणवायू मिळतो, ते चिखलात झाडाला आधार देतात, अशी निरनिराळी मते मांडली गेली. पण सर्वांना पटेल असे उत्तर अजून नाही.

याउलट खारफुटीच्या मुळांबाबत पुरावा चांगला आहे. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शोलँडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी खारफुटीच्या आधारमुळांवरची छिद्रे ग्रीस लावून बुजवली. चिखलातल्या मुळांमधील प्राणवायू झपाट्याने घटला. छिद्रे हीच हवा जाण्याची वाट, हे त्यावरून कळले. आमच्या मते एकाच वर्गात ही दोन्ही उदाहरणे शेजारी मांडावीत. दिसायला सारख्या दोन गोष्टींपैकी एकीचे उत्तर मिळाले आहे, दुसरीचे नाही. तिवराची चिखलातून वर आलेली मुळे कोकणातल्या मुलांनी रोज पाहिलेली असतात. विज्ञानात अजून न सुटलेले प्रश्न असतात, हे विद्यार्थ्याला शाळेत कळले नाही तर ते सोडवण्याची इच्छा त्याला कधी होणार?

तिसरे उदाहरण 'खुनी वृक्षा'चे. फ्लोरिडात वडाच्याच जातकुळीतला एक फायकस वृक्ष दुसऱ्या झाडावर रुजतो, मुळे खाली सोडतो, त्या मुळांची जाळी होते आणि शेवटी आतले झाड मरते. आपल्याकडे वड, पिंपळ ताडावर किंवा जुन्या भिंतीवर उगवलेले कोणी पाहिले नाहीत? पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडते आणि पुढचे सारे घडते. पण 'गळा दाबून खून' हे वर्णन माणसांच्या जगातले आहे. आतल्या झाडाला सूर्यप्रकाश कमी पडतो, जमिनीत मुळांची स्पर्धा होते आणि मुळांच्या विळख्यामुळे खोडाला जाड होता येत नाही, अशी तीन कारणे येथे एकत्र काम करतात. ताड-माडांच्या खोडाची जाडी इतर वृक्षांप्रमाणे वर्षानुवर्षे वाढत नाही, त्यामुळे विळख्याचा त्रास त्यांना कमी. सावलीचा मात्र होतोच.

ऑस्ट्रेलियातल्या एका उपोष्ण जंगलात २०१३ च्या वादळानंतर पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ज्या झाडांना अशा फायकसच्या मुळांचा विळखा होता ती झाडे उन्मळून पडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले. मग खुनी म्हणायचे की आधार देणारा? प्रश्नच चुकीचा आहे. झाडाला हेतू चिकटवला की निरीक्षण थांबते.

'सर्वांत' हा शब्द

'जगातील सर्वांत धोकादायक झाड' म्हणून मँचिनील या वृक्षाचे नाव हमखास येते. दक्षिण फ्लोरिडाच्या व कॅरिबियन किनाऱ्यांवर हा वृक्ष आढळतो. त्याचा दुधासारखा चीक अंगाला लागला तर फोड येतात, आणि सफरचंदासारखे दिसणारे फळ खाल्ले तर तोंड व घसा भाजून निघतो. हे सारे खरे. पण 'सर्वांत' हे कोणत्या मापाने ठरवले? कातडीला होणाऱ्या इजेवरून, की खाल्ल्याने होणाऱ्या विषबाधेवरून, की दरवर्षी बाधा होणाऱ्या माणसांच्या संख्येवरून? माप सांगितल्याशिवाय 'सर्वांत' हा शब्द विज्ञानाच्या पानावर येऊ नये.

शिवाय या शब्दामुळे ते झाड एकटे पडते. खरे तर मँचिनील एरंडाच्या कुळातले आहे. याच कुळातला आपला शेर. त्याच्या चिकापासून डोळे सांभाळा असे आजी सांगत असे. आपल्या खाड्यांच्या काठी वाढणारा गेवाही याच कुळातला. त्याचा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासे होते. पाने खाणाऱ्या प्राण्यांपासून व किड्यांपासून बचाव हे अशा चिकाचे मोठे काम. असे कुळ समोर आले की 'धोकादायक झाड' हे भीतीचे चित्र न राहता अभ्यासाचा विषय होते. आणि फ्लोरिडात आज मँचिनीलचीच गणना धोक्यात आलेल्या वनस्पतींत होते, हे चौकटीत कधी येत नाही.

कारण गाळलेले नवल

'ॲलिगेटर आणि मगर एकत्र राहतात अशी जागा म्हणजे दक्षिण फ्लोरिडा.' अमेरिकन ॲलिगेटर व अमेरिकन मगर यांच्यापुरते हे विधान योग्य आहे. पण का? मगरीच्या जिभेवर जास्तीचे मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, त्यामुळे तिला खाडीचे व समुद्राचे पाणी चालते. ॲलिगेटरमध्ये या ग्रंथी तसे काम करीत नाहीत. तो मुख्यतः गोड्या पाण्याचा. उलट थंडी त्याला मगरीपेक्षा पुष्कळ अधिक सोसते. म्हणून ॲलिगेटर उत्तरेला नॉर्थ कॅरोलिनापर्यंत पसरला, तर मगर कॅरिबियन, मध्य अमेरिका व दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग येथे. एकीच्या प्रदेशाची उत्तर सीमा व दुसऱ्याच्या प्रदेशाची दक्षिण सीमा या टोकाला एकमेकींवर येतात.

सीमेवर राहणे किती नाजूक असते ते जानेवारी २०१० मध्ये दिसले. दक्षिण फ्लोरिडात दहाएक दिवस कडाक्याची थंडी पडली. अनेक मगरी आणि मॅनेटी मेल्या. ॲलिगेटर बहुतांशी तगले. त्याच थंडीत शास्त्रज्ञांनी रेडिओ बसवून सोडलेल्या दहा बर्मी अजगरांपैकी नऊ मेले. वर्गात दोन स्तंभांचा तक्ता करून मीठ व थंडी या दोनच गोष्टींवरून कोण कोठे राहील हे मुलांना विचारावे. पाठांतराचे वाक्य तर्काचा प्रश्न होते.

माणूस गाळलेले नवल

आमची सर्वांत मोठी तक्रार मात्र पुढेच आहे. या संग्रहांत प्राणी येतात, झाडे येतात. माणूस येत नाही. निसर्ग जणू आपल्यापासून अलग, स्वतःशीच चमत्कार करीत बसला आहे.

२००५ साली फ्लोरिडातले एक छायाचित्र जगभर गाजले. त्यात ॲलिगेटर गिळू पाहणारा बर्मी अजगर पोट फुटून मेलेला दिसत होता. ते आजही 'निसर्गाचे थरारक नवल' म्हणून छापले जाते. पण हा अजगर फ्लोरिडाचा नव्हे. तो म्यानमार, ईशान्य भारत व आग्नेय आशियाचा. पाळण्यासाठी विकत घेतलेले अजगर लोकांनी सोडून दिले किंवा ते निसटले, आणि त्यांची प्रजा वाढली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एव्हरग्लेड्समधील रस्त्यांवरून केलेल्या मोजणीची १९९० च्या दशकातल्या मोजणीशी तुलना केली गेली. रॅकूनचे दर्शन ९९ टक्क्यांहून अधिक घटले, ओपोसमचे जवळजवळ ९९ टक्क्यांनी, बॉबकॅट या रानमांजराचे सुमारे ८७ टक्क्यांनी. आणि हाच अजगर मायदेशी मात्र शिकार व जंगलतोडीमुळे घटत चालला आहे. प्राणी एकच, एके ठिकाणी उपद्रव, दुसरीकडे संकटात. दोन्हींच्या मागे माणूस.

मॅनेटीचेही तसेच. 'हत्तीचा समुद्रातला नातेवाईक' हे वाक्य सर्व संग्रहांत असते व ते खरे आहे. तिच्या वल्ह्यांसारख्या हातांवर हत्तीसारखी नखेही असतात. पण मॅनेटीला सुमारे २० अंश सेल्सिअसहून थंड पाणी फार दिवस सोसत नाही. हिवाळ्यात ती उबदार झऱ्यांकडे आणि वीजकेंद्रांतून सोडल्या जाणाऱ्या कोमट पाण्याकडे जाते. २०२१ साली फ्लोरिडात हजाराहून अधिक मॅनेटी मरण पावल्या. त्यांतल्या पुष्कळ पूर्व किनाऱ्यावरच्या खाजणात उपासमारीने गेल्या. सांडपाणी व खतांतली पोषकद्रव्ये पाण्यात येतात; शैवाल माजते; पाणी गढूळ होऊन तळापर्यंत उजेड पोचत नाही; उजेडावाचून समुद्री गवत मरते; ते खाणारी मॅनेटी उपाशी राहते. हत्तीचे नाते एका ओळीत संपते, ही साखळी मात्र एक तास शिकवता येते. आणि तिची पहिली कडी आपल्या गावच्या ओढ्यातही सापडते.

प्यूमाची गोष्ट थोडी आशेची. १९९० च्या सुमारास फ्लोरिडात वीस-तीसच प्रौढ प्यूमा उरले होते. जवळच्या नात्यात संकर होऊन शेपटीला पीळ, हृदयाचे दोष, नरांत वंध्यत्व असे विकार दिसू लागले. १९९५ साली टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या गेल्या. त्यांतल्या पाच माद्यांना पिल्ले झाली, विकार कमी झाले आणि संख्या वाढली. नंतरचा सरकारी अंदाज १२० ते २३० चा आहे. तरीही ज्ञात मृत्यूंत आज सर्वाधिक मृत्यू वाहनांच्या धडकेने होतात. आनुवंशिकतेच्या धड्याला याहून जिवंत उदाहरण शोधूनही मिळणार नाही. चौकटीत मात्र त्याचे 'काळा बिबट्या, अतिदुर्मिळ' एवढेच उरले.

एक चांगले नवल

मग नवल सांगूच नये का? तसे आमचे म्हणणे नाही. चांगले नवल काय करू शकते याचे उदाहरण फ्लोरिडातच आहे.

दक्षिण फ्लोरिडाचा मोठा भाग एव्हरग्लेड्स या पाणथळीने व्यापलेला आहे. लोक तिला निरुपयोगी दलदल समजत. कालवे काढून ती कोरडी करणे म्हणजे प्रगती, असा समज होता. मार्जोरी स्टोनमन डग्लस या पत्रकार लेखिकेला अमेरिकेतील नद्यांवरच्या ग्रंथमालेसाठी मायामी नदीवर लिहायला सांगण्यात आले होते. नदी लहानशी. तिचे पाणी कोठून येते हे विचारत त्या गॅराल्ड पार्कर या जलशास्त्रज्ञापर्यंत पोचल्या आणि त्यांना उमगले की ही दलदल साचलेली नाही, ती वाहते आहे. किलोमीटरमागे जेमतेम तीन सेंटिमीटर उतार. काही ठिकाणी रुंदी साठ मैलांच्या आसपास. उथळ पाण्याचा तो पसारा गवतासारख्या वनस्पतींतून संथपणे दक्षिणेकडे सरकतो. १९४७ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्यात एव्हरग्लेड्सला 'गवताची नदी' म्हटले होते. त्याच वर्षी डिसेंबरात तेथील राष्ट्रीय उद्यानाचे उद्घाटन झाले.

या नावातही एक चूक काढता येते. तेथील 'सॉग्रास' हे काटेकोरपणे गवत नव्हेच. ते आपल्या लव्हाळ्याच्या, नागरमोथ्याच्या कुळातले आहे. मग आम्ही 'काळ्या बिबट्या'ला नावे ठेवतो आणि या नावाची स्तुती का करतो? कारण 'गवताची नदी' या शब्दांनी मुख्य गोष्ट बरोबर पकडली : पाणी वाहते. नदी म्हटले की उगम आला, मुख आले, वर अडवले तर खाली काय होईल हा प्रश्न आला. वरच्या शेतांतले फॉस्फरस खाली आले की सॉग्रास मागे हटते व पाणकणीस माजते, हे त्याच चित्रातून समजते. अर्ध्याहून अधिक पाणथळ शेती व शहरांखाली गेल्यावर २००० साली ती सावरण्याचा मोठा कायदेशीर कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्याच्या मुळाशीही पाणी पुन्हा वाहते करणे हीच कल्पना आहे. ज्या नवलातून पुढचे प्रश्न निघतात ते चांगले नवल. आमची कसोटी एवढीच.

वर्गात काय करावे

भित्तिपत्रके काढू नका, असे आम्ही म्हणणार नाही. मुलांना नवल आवडते आणि आवडावे. पण चौकट लावण्यापूर्वी मुलांनीच तिला चार प्रश्न विचारावेत. हे नाव नक्की कोणत्या जीवाचे आहे, आणि आपल्याकडे त्या नावाने दुसराच जीव ओळखला जातो का? हे विधान नेहमी खरे आहे की ठराविक परिस्थितीतच, आणि ते कसे कळले? असे का होते? आणि आपल्या गावात याचा नातेवाईक, याच्यासारखा किंवा याच्या उलट वागणारा जीव कोणता? चारांपैकी एकाचे जरी उत्तर मिळाले तरी चौकटीखाली दोन ओळी वाढतील. उत्तर मिळाले नाही तर प्रश्नच लिहावा. अनुत्तरित प्रश्न भिंतीवर लावायला काही हरकत नाही.

परत आल्यावर आम्ही त्या शाळेला पत्र लिहिले. तुमच्या विद्यार्थिनीचे निरीक्षण बरोबर होते. चुकले ते वाक्य, असे कळवले. सुरूची 'सुई' तोडून पाहण्याचा प्रयोग लिहून दिला. महिन्याभराने शिक्षकांचे उत्तर आले. वर्ग सुरूच्या बनात जाऊन आला होता. बनाखाली दुसरी कोणती झाडे उगवतात, याची मोजणी मुलांनी सुरू केली होती. भित्तिपत्रकावरचे ते वाक्य त्यांनी काढले नव्हते. त्याखाली दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली होती आणि चिठ्ठीवर त्या मुलीचे नाव होते.